सोबतीला

"मी त्या खोलीत परत जाणार नाही," सेनाइत म्हणाली.

सकाळची वेळ होती. मी तळमजल्यावर चादरींच्या खोलीत धुऊन आलेले अभ्रे रचत होते आणि ही दारात उभी, अंगात झोपायचे कपडे, काखेत उशी. सेनाइत एरिट्रियाची. विशीतली पोर, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. चहाचा कप स्वतः विसळून ठेवणारी त्या अख्ख्या हॉटेलात ती एकटीच असावी.

"झालं काय?"

"ती मला हात लावते."

"कोण?"

"मस्तूरा. मी झोपले की येते. माझ्या तोंडाजवळ हात आणते. काल जाग आली तर ती माझ्यावर वाकली होती." तिने उशी छातीशी घट्ट धरली. "वाटेत, लिबियात, आम्हाला एका गोदामात ठेवलं होतं. तिथेही रात्री असेच हात यायचे. मी इथे ते सहन करणार नाही."

पुढे विचारायची सोय नव्हती. मी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि मॅनेजरबाईंना फोन लावला. हे सगळं मी व्यवस्थित केलं. त्या काळात मी सगळंच व्यवस्थित करत होते.

आमचे हे जाऊन तेव्हा चार-पाच महिने झाले होते. झोपेतच गेले. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, किती भाग्याचं मरण, कुणाला त्रास नाही, कुणाची सेवा नाही. वडूजहून माझ्या भावाचा फोन आला, तोही हेच म्हणाला. मी सगळ्यांना हो म्हणत गेले. रडू मात्र आलं नाही. दाढेला सुई टोचल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं आतून झालं होतं. चावलं तरी कळत नव्हतं. लेक मँचेस्टरहून आली, पंधरवडाभर राहिली आणि जाताना म्हणाली, "आई, तू रडून तरी घे." जसं काही मी मुद्दाम राखून ठेवलं होतं.

मग कामावर परत गेले. इंग्लंडच्या उत्तरेला समुद्रकाठच्या एका गावात ते हॉटेल होतं. पूर्वी उन्हाळ्यात तिथे म्हाताऱ्या जोडप्यांची गर्दी व्हायची. मग गिऱ्हाईक आटलं आणि मालकाने ते अख्खं हॉटेल सरकारी कंत्राटावर दिलं. देश सोडून आलेली माणसं, आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत, तिथे राहायची. खोल्या, चादरी, सफाई हे खातं माझ्याकडे. सव्वीस वर्षं त्या देशात काढून मी तिथवर पोचले होते.

तर त्या वसंतात वरून हुकूम आला की यापुढे एका खोलीत एकजण चालणार नाही. दोघं-दोघं ठेवा. आजारी नाहीतर गरोदर असेल त्यालाच सूट.

त्यावर गावात मोठा गहजब झाला. हॉटेलच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या एका बाजूला काही मंडळी फलक घेऊन उभी राहायची, की माणसांना असं कोंबू नका. दुसऱ्या बाजूला दुसरी मंडळी, की यांना खोल्या देताच कशाला. दोन्ही बाजूंना थर्मासमधून चहा चालायचा. मी दोघांच्या मधून कामावर जायचे आणि मनात म्हणायचे, अरे बाबांनो, खोलीत दुसरं माणूस असणं ही काय शिक्षा आहे?

मॅनेजरबाईंचं नाव बेव्हर्ली. तिथलीच, मनाने चांगली, सतत धावपळीत. माझ्या प्रमिला या नावाचं तिने 'प्रॅम' करून टाकलं होतं. तिकडे प्रॅम म्हणजे लहान मुलांची ढकलगाडी. मी कधी दुरुस्त करायला गेले नाही.

"तू राहशील का गं अनोळखी माणसाबरोबर एका खोलीत?" तिने मला तेव्हा विचारलं होतं.

"मी सव्वीस वर्षं राहिले," मी म्हटलं. "लग्नाआधी त्याला चहाचा एक कप संपेपर्यंत पाहिलं होतं."

बेव्हर्ली खूप हसली. मग एकदम गप्प झाली, कारण तिला आठवलं की तो माणूस आता नाही.

पण मला खरंच तसं वाटत होतं. आमच्या वडूजला एकटं माणूस रात्री एकटं राहू द्यायचं नाही, ही रीतच होती. कुणाचा नवरा पलटणीत गेला, कुणाच्या घरात कुणी दगावलं, की शेजारची एखादी पोर तिथे झोपायला पाठवायची. सोबतीला. आमच्या आळीत ती पोर म्हणजे मी. तिन्हीसांजेला आई हाक मारायची, "प्रमे, वाकळ घे. शिंप्याच्या सुनंकडं जायाचं झोपाया. येकटीच हाय बिचारी, सोबत पायजे."

मी विचारायची, "तितं जाऊन करायचं काय?"

"काय बी करायचं न्हाई. नुसतं झोपायचं."

आणि त्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. पाठ टेकली की मी गेलेच. डोक्याशी ताशा वाजवला तरी उठणार नाही, अशी माझी ख्याती होती. शिंप्याची सून सकाळी गूळ-शेंगदाणे द्यायची आणि म्हणायची, "तुझ्यामुळं डोळा लागला गं बाई." मी तर काहीच केलेलं नसायचं.

म्हणून खोल्या लावायचं काम बेव्हर्लीने माझ्यावर सोपवलं तेव्हा मी ते मन लावून केलं. मस्तूरा अफगाणिस्तानातली, हेरातची, तिशीची. दिसायला गंभीर, बोलणं मोजकं. दोन वर्षं दिल्लीत काढलेली, त्यामुळे हिंदी चांगली यायची आणि मला 'खालाजान', म्हणजे मावशी, म्हणायची. आली तेव्हापासून एकटीच राहत होती, जेवायलाही सगळे उठल्यावर यायची. मला वाटलं, हिला सोबत हवी. सेनाइतसारखी शांत मुलगी दिली की बरं. दोघींचे पलंग मी स्वतः घातले होते.

आता सेनाइत खाली उशी घेऊन बसली होती.

बेव्हर्ली आली. तिने सेनाइतचं सगळं ऐकून घेतलं, तिला त्याच दिवशी तिच्याच देशातल्या एका बाईच्या खोलीत जागा करून दिली आणि तिला पाठवून माझ्याकडे वळली.

"हात लावल्याची तक्रार आहे, प्रॅम. ही मला दाबून ठेवता येणार नाही. शुक्रवारी कंत्राटाचा माणूस येतोय, त्याला सांगावंच लागेल."

"मग मस्तूराचं काय होईल?"

"तिला छावणीत पाठवतील. ती जुनी लष्करी बराक आहे ना, तिकडे. एका हॉलमध्ये तीस-तीस बायका."

"आणि इथेच तिला एकटीची खोली दिली तर?"

"कुठल्या आधारावर? आजारी आहे? गरोदर आहे? काही कारण तर दे मला. ती तर तोंडच उघडत नाही."

ते खरं होतं. दुपारी मी ट्रॉली घेऊन मस्तूराच्या खोलीवर गेले. ती खिडकीशी उभी होती. डोळे लाल, त्यांच्याखाली काळं. दोन पलंगांच्या मध्ये एक खुर्ची ओढून ठेवलेली होती, तोंड सेनाइतच्या पलंगाकडे. मस्तूराच्या स्वतःच्या पलंगावरची चादर मी दोन दिवसांपूर्वी घातली होती तशीच ताठ होती.

"तू झोपत नाहीस?" मी विचारलं.

"झोपते."

"कुठे? या खुर्चीत?"

मी सेनाइतच्या पलंगाची चादर काढायला लागले.

"ती मुलगी घाबरली आहे," मी म्हटलं. "तू रात्री तिला हात लावतेस म्हणाली."

"मी चोर नाही, खालाजान."

"चोरीचं कुणी म्हणत नाहीये. चोरीचं म्हटलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं."

तिला अर्थ कळला. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, जणू तेच गुन्हेगार होते.

"मस्तूरा, ऐक. शुक्रवारी एक माणूस येणार आहे. तो तुला बराकीत पाठवेल. तिथे एका हॉलमध्ये तीस बायका झोपतात."

"तीस?" ती एकदम म्हणाली. "एका खोलीत तीस?"

"हो."

"नाही." ती उभी राहिली. "नाही, खालाजान. तीस नाही होणार माझ्याने. एवढ्या जणींकडे मी कशी बघणार? एकीकडे जाईपर्यंत दुसरी..." तिने बोलणं अर्धंच सोडलं.

"दुसरी काय?"

ती माझ्याजवळ आली. आली आणि उजव्या हाताचं एक बोट आडवं करून माझ्या नाकाखाली धरलं. बोट गार होतं. ते मला लागतही नव्हतं. मी चादर हातात धरून तशीच उभी राहिले. माझा श्वास तिच्या बोटावर जात-येत होता आणि ती ते लक्ष देऊन बघत होती.

"इतकंच," ती म्हणाली. "मी इतकंच करते. रोज."

मग ती बोलली. सरळ, एका पट्टीत, माझ्याकडे न बघता.

"आम्ही ट्रकमधून आलो. मागे डबा होता, बंद. मी आणि माझी बहीण नर्गिस. लहान होती माझ्यापेक्षा. खूप माणसं होती. दलालाने सांगितलं होतं, आवाज केला तर सगळे पकडले जाल. नर्गिसला खोकला होता. सगळे चिडायचे, तिला गप्प कर म्हणायचे. मी तिच्या तोंडावर माझी ओढणी धरायचे, खोकला आला की. आत हवा कमी होत गेली. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग तिचा खोकला थांबला."

चादर अजून माझ्या हातातच होती.

"मला वाटलं, बरं झालं," मस्तूरा म्हणाली. "वाटलं, झोप लागली पोरीला. मी खूश झाले, खालाजान. मी देवाचे आभार मानले. आणि मलाही झोप लागली."

खिडकीबाहेर फाटकाजवळची मंडळी काहीतरी घोषणा देत होती. मी चादरीची एक घडी घातली, मग दुसरी घातली. मळकी चादर होती, तिची घडी घालायची काही गरज नव्हती.

"एकटी असले की मी झोपू शकते," ती म्हणाली. "खोलीत दुसरं कुणी झोपलं की नाही जमत. सेनाइत फार शांत झोपते. आवाजच येत नाही. इतकं शांत झोपलं की मला उठून बघावंच लागतं."

आणि मी सेनाइतला निवडलं होतं ती शांत म्हणूनच.

मी खाली आले. बेव्हर्लीला सांगितलं. मग तिने वर फोन केला, कुणाकुणाशी बोलली, आवाज चढवला, माफी मागितली, परत चढवला. शेवटी फोन ठेवून म्हणाली, "डॉक्टरचं पत्र हवं म्हणतात. आणि डॉक्टरची वेळ मिळते पुढच्या महिन्यात. तोवर कुठल्याही खोलीत एकटी नाही, म्हणजे नाही. तिला कुणाबरोबर तरी ठेवून दाखव, प्रॅम, तक्रार न येता. सेनाइतला खरं कळलं आणि तिने मागे घेतली, तर मला काहीतरी बोलता येईल. नाहीतर बराक."

सेनाइतला मी मस्तूराची परवानगी घेऊनच सांगितलं. तिने खाली मान घालून ऐकलं. "तक्रार मागे घेते," ती म्हणाली. "पण त्या खोलीत नको. मला कळलं, तरी नको." तिचंही चूक नव्हतं. भीतीला कारण कळलं म्हणून ती जात नसते.

आता मस्तूराला द्यायची कुणाबरोबर? मी मनातल्या मनात एकेक बाई डोळ्यांपुढे आणली. जिचं नाव घ्यावं ती गरीब गाय. गुपचूप झोपणारी, गुपचूप उठणारी. घाबरलेली माणसं झोपेतही आवाज करत नाहीत, हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या मजल्यावर खोल्या करताना शेवटच्या दारामागून तो आवाज आला आणि मी जागच्या जागी थांबले.

ती खोली हाज्जा आमनाची. सुदानची बाई, साठीची, हजला जाऊन आलेली म्हणून हाज्जा, अंगाने भरभक्कम, तोंडभर हसणारी. नव्या हुकुमाखाली तिच्याकडे दोन बायका पाठवून झाल्या होत्या आणि दोघी दुसऱ्याच दिवशी गाठोडं घेऊन जिन्यात येऊन बसल्या होत्या. कारण आमना घोरायची. घोरायची म्हणजे आपण म्हणतो तसं नाही. मिक्सरमध्ये खोबरं वाटायला घ्यावं, मधेच भांडं अडकावं आणि पुन्हा सुरू व्हावं, तसं. अख्खा मजला तिच्या नावाने बोटं मोडायचा.

मी दार वाजवलं. ती उठली. डोक्यावरून हनुवटीखाली एक फडकं करकचून बांधलेलं होतं.

"हे काय, हाज्जा?"

"तोंड बंद राहावं म्हणून," ती तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "मला लाज वाटते. माझ्यामुळे कुणाला झोप नाही. मी इथे कुणालाच नको आहे."

"मी एक बाई आणते. ती राहील तुमच्याजवळ."

"पळून जाईल."

"नाही जायची. पण एक अट आहे." मी तिच्या हनुवटीखालची गाठ सोडली आणि फडकं घडी करून माझ्या खिशात घातलं. "हे बांधायचं नाही. घोरायचं. जितकं येतं तितकं घोरायचं."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मी तिच्याजवळ पलंगावर बसून जमेल तसं समजावलं. खोकणाऱ्या बहिणीचं सांगितलं. आमनाने दोन्ही हात चेहऱ्यावर धरले आणि तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहिली.

बेव्हर्लीला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? जिला झोप येत नाही तिला तू आमनाच्या खोलीत घालणार?"

"घालून तर बघू."

"शुक्रवार परवावर आलाय, प्रॅम."

"मला माहीत आहे."

मस्तूराचं सामान म्हणजे एक पिशवी. मीच ती उचलली. दारापाशी ती थबकली, पण आमनाने तिला हाताला धरून आत घेतलं आणि पलंगावर बसवलं. मी पलंग नीट घातला, उशी थोपटली. मला आणखी काही सुचेना, म्हणून निघून आले.

पुढचे दोन दिवस कुणी उशी घेऊन खाली आलं नाही. शुक्रवारी कंत्राटाचा माणूस आला, बेव्हर्लीने त्याला कॉफी पाजली, तक्रार मागे घेतल्याचं सांगितलं, तो गेला. बेव्हर्लीने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मीही केला. मला काहीच वाटलं नाही. बरं झालं, एवढं डोक्याला कळलं, पण खाली उतरलं नाही.

त्याच दिवशी दुपारी जेवणानंतर मी दुसऱ्या मजल्यावर चादरी बदलायला गेले. लांबूनच आमनाचा आवाज येत होता. दार वाजवलं. कुणी उघडलं नाही. पुन्हा वाजवलं. मग माझ्या मनात नको ते आलं आणि मी माझ्या किल्लीने दार उघडलं.

आमना उताणी झोपली होती, तोंड उघडं, पोट वरखाली. आणि समोरच्या पलंगावर मस्तूरा. कुशीवर, गुडघे पोटाशी, एक हात पलंगावरून खाली लोंबत होता. चादर चुरगळून पायाशी गेली होती. उशीवर लाळेचा डाग पडला होता. दोन पलंगांमध्ये खुर्ची नव्हती, ती भिंतीला लावून ठेवलेली होती.

मी जायला हवं होतं. पण मी त्या खुर्चीत बसले. त्या आवाजापाशी बसले.

हेही असेच घोरायचे. सव्वीस वर्षं. माझ्यासारख्या झोपाळू बाईलाही ते एवढं एकच जागं करू शकायचं. मी कोपर मारायची, "अहो, कूस बदला." ते बदलायचे, पुन्हा सुरू. वैतागून मी लेकीला म्हणायची, तुझ्या बापाबरोबर देवाने मला एक पिठाची गिरणी दिली आहे. त्या रात्रीही त्यांनी मला जागं केलं होतं. कोपर मारणार, तेवढ्यात त्यांचं घोरणं आपोआप थांबलं. खोली एकदम शांत झाली. मी मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची. आणि पांघरूण ओढून घेतलं. त्या रात्री मला फार छान झोप लागली होती. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही.

खुर्चीत बसून मी आमनाचं घोरणं ऐकत होते आणि ते मधेच थांबलं.

खोली शांत झाली. माझाही श्वास अडकला. मस्तूराचे डोळे खाडकन उघडले. मी तिथे कशी, असा प्रश्नही तिच्या डोळ्यांत नव्हता. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. दोघींनी आमनाकडे बघायचं धाडस केलं नाही, नुसता कान दिला. मस्तूराचा लोंबता हात पुढे झाला, मी तो धरला.

मग आमनाच्या घशात काहीतरी अडकून सुटल्यासारखं झालं, तिने हुंकार दिला, कूस बदलली आणि पहिल्यापेक्षा दुप्पट आवाजात घोरायला लागली.

मस्तूराने डोळे मिटले. ती उठली नाही, नाकाखाली बोट धरायला गेली नाही. हात मात्र माझ्या हातातच ठेवला आणि थोड्याच वेळात तो जड झाला.

आणि मला रडू फुटलं. कुठून एवढं आलं कोण जाणे. तोंडात पदर कोंबावा तर अंगात कामाचा कोट. खिशात आमनाचं फडकं होतं, तेच तोंडाला लावलं. बसल्या जागी मी रडत राहिले, कितीतरी वेळ, आणि त्या आवाजात ते कुणाला ऐकूही गेलं नाही.

मस्तूराचा अर्ज पुढे मंजूर झाला. ती आता लीड्समध्ये शिवणकाम करते आणि ईदला फोन करते. तिला आणि आमनाला त्या खोलीतून हलवायला नंतर कुणी सांगितलं नाही. डॉक्टरचं पत्र उशिरा आलं तेव्हा मस्तूराच म्हणाली, नको, मला इथेच राहू द्या.

त्या दुपारी मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या चादरी बदलायच्या राहूनच गेल्या. बेव्हर्ली मला शोधत वर आली, दारातून तिघींकडे बघितलं आणि दार हळूच ओढून घेऊन गेली.